बंड्याची नजर गळ्यावर

बंड्या आईच्या गळ्याकडे टक लावून बघतो, हे इराच्या लक्षात आलं ते जेवताना. बंड्या म्हणजे चांद्रवस्तीतल्या त्यांच्या घरचा स्वयंपाकी यंत्रमानव. पोळी लाटता लाटता त्याचे हिरवे डोळे आईच्या गळ्यावर खिळायचे आणि इरानं पाहिलं की चटकन तव्याकडे वळायचे. चोराच्या मनात चांदणं!

आई वस्तीच्या हरितगृहाची प्रमुख. पण हल्ली ती वाफ्याशेजारीच पेंगायची. सारखी थंडी वाजायची, आवाजही घोगरा झाला होता. हा कामाचा शीण समजून पुढच्या यानानं तिला पृथ्वीवर परत पाठवायचं घाटत होतं, आणि इरानं मात्र इथेच आजोबांजवळ राहायचं. त्या विचारानंच इराला रडू यायचं.

बंड्याच आमटीत काहीतरी कालवत असणार! इरा पाळतीवर राहिली. एकदा बंड्यानं आजोबांच्या बरणीतलं चिमूटभर मीठ छातीच्या कप्प्यात लपवलं. आता तर तिची खात्रीच पटली.

ते मीठ म्हणजे आजोबांचा जीव की प्राण. आजोबा रसायनशास्त्रज्ञ. ताटात डावीकडे आधी मीठ वाढायचं, हा रिवाज त्यांनी चंद्रावरही सोडला नव्हता, आणि ते मीठही स्वतः प्रयोगशाळेत बनवलेलं. "शंभर नंबरी! मिठाशिवाय कणभर काही नाही," असं ते रोज ऐकवायचे.

"आजोबा, याला मोडीत काढा!" इरा ओरडली. आजोबांनी बंड्याच्या पाठीवरच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा," इरा म्हणाली. "आधी सांग रे बंड्या, आईच्या गळ्याकडे का बघतोस?"

"बरं झालं विचारलंत, इराताई. मी पडलो स्वयंपाकी. विचारल्याशिवाय आजाराबद्दल बोलायची मला मनाई आहे. आईंचा गळा सुजलाय."

"म्हणजे?"

"शरीरातल्या काही ग्रंथी (रस तयार करणारे अवयव) संप्रेरकं थेट रक्तात सोडतात. संप्रेरकं म्हणजे निरोप नेणारी रसायनं. गळ्यातल्या अवटू ग्रंथीचं, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक पेशींना सांगतं, 'कामाला लागा!' ते कमी पडलं की शरीर मंदावतं, थंडी वाजते."

"मग सूज कशाला येईल?" इराचा संशय अजून फिटला नव्हता.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती मुकादम. संप्रेरक कमी दिसलं की ती हुकूम सोडते, 'आणखी बनव!' पुरेसं झालं की हुकूम कमी करते. पण कच्चा मालच नसेल तर? हुकूम येतच राहतात आणि राबून राबून अवटू ग्रंथी फुगते."

"कच्चा माल कोणता?"

"आयोडीन. पृथ्वीवर ते मिठात मिसळतात." बंड्यानं कप्प्यातली चिमूट पुढे केली. "यात शोधलं. नाही. आपल्या वाफ्यांतही नाही. तुम्हा दोघांनाही ते कमीच पडतंय, पण आईंना आधी जाणवलं."

आजोबांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. "शुद्धतेचा टेंभा मिरवला मी," ते पुटपुटले, "आणि माझ्याच लेकीला आजारी पाडलं." इराला त्यांची फार दया आली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. बंड्याचं म्हणणं खरं निघालं. औषध सुरू झालं आणि यान आईशिवायच गेलं.

काही महिन्यांनी आई पुन्हा गुणगुणत वाफे खुरपू लागली. आता तिला टाकीत समुद्री शेवाळ वाढवायचं होतं, कारण त्यात भरपूर आयोडीन असतं. आजोबांनी ताटात मीठ वाढलं. "जरा अशुद्ध आहे हं!" ते म्हणाले.

बंड्याचे हिरवे डोळे हळूच इराच्या गळ्याकडे वळले आणि तिनं पाहताच तव्याकडे पळाले.

इरानं हनुवटी वर केली.

"नीट बघ," ती म्हणाली, "आणि काही दिसलं तर मी विचारायची वाट बघू नकोस."