एकाहत्तराव्या मिनिटाचं सबटायटल

रक्तपेढीच्या खिडकीशी तो प्रथम आला, तो रक्तदानासाठी नव्हे, शंकानिरसनासाठी.

“माणसाच्या अंगात रक्त साधारण किती असतं हो?”

“पाच लिटर,” मी म्हणाले. “कशाला हवंय?”

“प्यायला… म्हणजे मला नाही! सिनेमात.”

शेजारच्या टेबलावरच्या ताई खुदकन हसल्या. “तुझा भुताखेतांवर विश्वास नाही ना गं? मग हे गिऱ्हाईक तूच सांभाळ.”

तो एका कोरियन भयपटाची मराठी सबटायटल्स लिहीत होता. मठातली एक नन रक्तपिपासू होते आणि तिथल्या बागेत काम करणाऱ्या तरुणाच्या प्रेमात पडते. तिची प्रार्थना सुटत नाही आणि तहानही. वैद्यकीय शब्द तपासून द्यायला मी होकार दिला. निव्वळ अचूकतेखातर, अशी माझी समजूत होती.

महिनाभर जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या लॅपटॉपवरचा रक्तपात पाहत आम्ही डबे संपवले.

“पाच लिटर एका दमात पोटात मावत नाही,” मी म्हणाले.

“तिच्या मावतं. श्रद्धा ठेवा.”

“श्रद्धेनं जठर मोठं होत नाही.”

“हसू मात्र मोठं झालंय तुमचं…” तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले, आणि तो घाईनं पडद्याकडे वळला.

कारण येत्या सोमवारी तो स्वतःच मठात दाखल होणार होता. आजन्म ब्रह्मचर्य. हे त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असल्यामुळे माझ्या मनाला कोणतीही सबब उरली नव्हती.

शुक्रवारी अखेरची तपासणी होती. एकाहत्तराव्या मिनिटाला ती नन आणि तो तरुण भिंतीच्या दोन बाजूंना नुसती उभी असतात. खाली मात्र अक्षरं उमटली— ‘तू दिसली नाहीस, तर माझा दिवस सुरूच होत नाही.’

“ही चूक आहे,” मी म्हणाले. “इथे कुणीच बोलत नाही.”

तो पांढराफटक पडला. “ते… माझं आहे. लिहून बघितलं होतं. पुसायचं राहिलं.”

“आणि सोमवार?”

“काल मठाच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. म्हणाले, अर्ध्या मनानं येऊ नकोस. तुम्ही मला नाही म्हणालात तरी मी मठात जाणार नाही—तो भार तुमच्यावर नको.”

“आणि देव?”

“तो आहेच. त्याच्यावरून आपण रोज भांडू.”

“रोज?”

“…तुमची हरकत नसेल तर.”

नाडी मोजावी म्हणून मी त्याचं मनगट हातात घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट संपलं, दुसरंही संपत आलं.

“किती?” त्यानं हळूच विचारलं.

“आकडा चुकला,” मी म्हणाले. “पुन्हा मोजते. हलू नकोस.”