सेन्तिरेच्या पाच ओळी

बाबांचा इटालियन-इंग्रजी शब्दकोश छापायला जाण्याआधी शेवटची मुद्रितं तपासायला त्यांचा जुना विद्यार्थी घरी आला. आता तो प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. बाबा माघारी त्याला 'कात्री' म्हणत. मी तोंडावर 'तुम्ही' म्हणते. इथे तेवढा मान द्यायची गरज नाही.

तो न विचारता बाबांच्या खुर्चीत बसला. आई चहा ठेवून आत गेली. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. शोकसभेत हा माणूस मध्ये मध्ये गळा दाटून आणत अर्धा तास बोलला होता आणि खाली उतरल्यावर आपला फोटो कसा आलाय ते बघत होता.

आमच्या घरची पद्धत अशी: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने 'हं' म्हणायचं. दुसऱ्याच्या 'हं'शिवाय कोशातलं अक्षरही खोडायचं नाही.

'सेन्तिरे'पाशी तो थांबला. या एका क्रियापदाचे बाबांनी पाच इंग्रजी अर्थ दिले होते. ऐकणं, स्पर्श जाणवणं, वास येणं, चव कळणं. पाचवी ओळ त्यांनी दवाखान्यात, उशीवर कागद ठेवून वाढवली होती: 'टु मिस समवन'. गेलेल्या माणसाची उणीव जाणवणं.

"तीन ओळी जास्त होतायत गं," तो म्हणाला. "ऐकणं कळलं की लोकांचं काम भागतं. सर जरा फापटपसारा करायचे."

"त्या फापटपसाऱ्यावरच तुमची नोकरी उभी आहे."

तो हसला. अशा माणसांना टोमणा लागत नाही. "'टु स्मेल' काढू?"

मला पाचवी ओळ वाचवायची होती. "हं."

त्याने लाल रेघ मारली.

थोड्या वेळाने आतून आईचा आवाज आला, "अगं, दूध करपलं! एवढा वास सुटलाय, तुम्हाला कळत नाही का?" निळसर धूर दारातून आमच्यापर्यंत आला होता. कात्री त्याच्याकडे बघत, सर्दी झाल्यासारखं नाक ओढत राहिला.

"'टु टेस्ट'?"

"हं."

रेघ. त्याने चहाचा घोट घेतला, साखर घातली, ढवळलं, पुन्हा घातली. मग नुसती साखरच चमच्याने तोंडात टाकली आणि जिभेवर घोळवत बसला. चेहरा उतरला होता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला मजा वाटत होती.

"अजून एक जायला हवी," तो पुटपुटला. पेन्सिल स्पर्शाच्या ओळीवर गेली. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि ती झटकन उचलली. "हे राहू दे. शेवटचं काढू. बोलीभाषेतलं आहे, कोण शोधणार?"

बाबांच्या हातची ती शेवटची ओळ होती. उद्या छापखान्यात जाऊन मी ती परत घालू शकले असते. आज मात्र या माणसाकडून त्याचं ते दाटून आणलेलं दुःख काढून घ्यावं, असं मला वाटलं. त्याची तेवढी लायकी नव्हती.

"हं."

रेघ.

त्याच्यात काहीच फरक पडला नाही. त्याच्याकडे जाण्यासारखं होतंच काय.

मी माझा कप उचलला. चहाच्या रंगाचं गरम पाणी.

तो गेला. मुद्रित टेबलावर होतं, पेन्सिल शेजारी. खोडलेली ओळ मी पुन्हा वाचली. स्पेलिंग बरोबर होतं. परत लिहावी, असं काही त्यात दिसलं नाही.

आई दारात आली. बाबांचा राखाडी स्वेटर तिने छातीशी धरला होता.

"अजून त्यांचा वास येतो गं याला," ती म्हणाली. "बघ ना."

मी वाकून हुंगून बघितलं. नुसती लोकर. मग तिच्या हातातून तो सोडवून घेतला, बाह्या सरळ केल्या आणि धुवायला टाकला. ती माझ्याकडे का बघत राहिली, ते मला कळलं नाही.