घडीवरचा दोरा

तो आला तोच पाऊस घेऊन. छत्री मिटायचं भान नाही, कोपरावरून पाणी ठिबकतंय, आणि नजर थेट तिच्यामागच्या उघड्या खणातल्या भरजरी झग्यावर. तिने दारात हात आडवा केला.

“आधी हात धुवायचे. साबणाने. कोरडे करायचे, मग बोलायचं.”

तो धुऊन आला आणि दहाही बोटं तिच्यासमोर धरून उभा राहिला. “नखंही बघणार का?”

तिने खरंच बघितली. तो हसला, ती हसली नाही. तो संग्रहालयाचा नवा रफूगर होता.

संग्रहालयात तिला सगळे कुलूपबाई म्हणत, आधी माघारी आणि आता तोंडावरही. भरतकामाचे दीडशे जुने कपडे तिच्या ताब्यात होते. गेल्या वर्षी त्यातलं आरसेकामाचं एक जाकीट गहाळ झालं, आणि वीस वर्षं चोख काम केलेल्या तिच्या मावशीला एका दिवसात घरी बसावं लागलं. मावशीच्या जागी ही आली ती दुधाने तोंड पोळूनच. ताक तर सोडाच, पाणीही फुंकून पीत होती. आणखी एक कपडा गेला की आपणही घरी, हे ती रोज खण उघडताना स्वतःला बजावत असे.

आणि त्यात हा रफूगर. दुरुस्तीचे कपडे काढायला म्हणून संग्रहालय चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी त्याला दुसरी चावी देऊन टाकलेली. तो सगळ्यांशी गोड बोले, तिच्याशी जरा जास्तच. आज ओढणी कुठल्या रंगाची, हे त्याला तिच्याआधी ठाऊक. गोड बोलणाऱ्यांची तिला धास्तीच होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जेवून आल्यावर तिने झग्याचा खण उघडला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. घडी बदलली होती. मावशीची घडी कधी बदलत नसे... बाह्या आत, मग मधोमध, मग पुन्हा मधोमध, वीस वर्षं त्याच रेषेवर. ही चार बोटं सरकलेली. तिने सगळे कपडे मोजले. कमी काहीच नव्हतं. पण चोर आधी पाहणीच करतो की. कोणाला काही न सांगता तिने प्रत्येक घडीवर एकेक लाल दोरा आडवा ठेवला.

दुसऱ्या दुपारी दोरे जागच्या जागी, पण शालीची घडी सरकलेली. म्हणजे गडी हुशार होता. तिसऱ्या दुपारी झग्यावरचा दोराही जागेवरच होता, फक्त लाल नव्हता. हिरवा होता. तिने आपल्या ओढणीकडे बघितलं. हिरवी! तिला भयंकर राग आला, आणि रागाने गाल इतके गरम का व्हावेत याची चौकशी तिने केली नाही.

चौथ्या दिवशी ती डबा घेऊन निघाली आणि अर्ध्या जिन्यातून चपला हातात घेऊन परत आली. टेबलावर झगा पसरलेला, त्यावर तो वाकलेला.

“कुठे न्यायचा बेत आहे?”

तो दचकला नाही. “चार बोटं पुढे,” म्हणाला. “तेवढाच.”

मग त्याने तिच्या हातात भिंग दिलं. जुन्या घडीच्या रेषेवर जरीच्या तारा रांगेने तुटल्या होत्या. फुलं जणू कमरेत मोडलेली. जड भरतकामाची घडी दर काही महिन्यांनी सरकवायची असते, आत मऊ कापडाची सुरळी ठेवायची असते, हे तो हळू आवाजात सांगत होता. आल्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक करत त्याने एकोणीस कपड्यांचे टाके सावरले होते; घड्या सरकवायला मात्र आत्ताच घेतल्या होत्या.

ती घडी मावशीची होती. आणि वर्षभर तिचीही. चोर शोधता शोधता ती आपल्याच हातांपाशी येऊन थांबली.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही त्याच पावली बाईंकडे गेला असता. मग मावशींच्या नावावर आणखी एक... म्हटलं, आधी सावरू, मग बोलू.”

“आणि हिरवा दोरा?”

“तो... कामाचा नव्हता.”

ती त्याच पावली बाईंकडे गेलीच. सगळं सांगून टाकलं आणि जीव मुठीत धरून उभी राहिली. बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. ती घडी मावशीला मीच शिकवली होती, म्हणाल्या; आता दोघं मिळून सगळ्या बदला.

दुसऱ्या दिवशी मोठी शाल निघाली. दोन टोकं तिच्याकडे, दोन त्याच्याकडे. घडी घालायची तर दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागतं. कोपऱ्याला कोपरा लागला, बोटाला बोट... आणि कोणीच आधी सोडेना.

“अजून संशय आहे?” त्याने विचारलं.

“आहे. रोज एकच खण काढतोस. या गतीने सहा महिने जातील.”

“आणि मग पहिल्याची घडी बदलायची वेळ येईल. हे काम संपत नाही.”

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली, “आणि याचाच मला राग येत होता.”

त्या संध्याकाळी तिने खण बंद केले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि निघाली. अर्ध्या जिन्यात आठवलं, घडीवर दोरा ठेवायचा राहिला. ती परत गेली नाही.