तानाबाईचा घाम

बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या स्टँडवर लखनची जीप सगळ्यांत आधी भरायची. हल्ली लोक उन्हात ताटकळत, पण तिच्याकडे वळत नसत. नेमकं कारण कोणालाच सांगता येत नव्हतं. आत बसलं की छातीत धडधडायचं, तान्ही पोरं आईला बिलगायची, बोकड दारातच पाय रोवायचे.

"जीप धूत जा ना गड्या," एक म्हातारा म्हणाला होता. "खाटकाच्या दारासारखा वास येते."

लखन रोज धूत होता. साबण, फिनाईल, लिंबू, सगळं झालं. वास जात नव्हता. ओल्या लोखंडासारखा, आंबूस. भ्यालेल्या माणसाच्या घामाचा.

तो कोणाचा, हे त्याला ठाऊक होतं. जीपमध्ये गुरांच्या ढेपेची पोती ठासलेली, म्हणून तानाबाईला त्याने मागच्या पायरीवर उभं केलं होतं. ती एकटीच सवारी. हळू चालव बाप्पा, म्हणून ती ओरडत राहिली आणि हा मोबाईलवर हसत राहिला. बोरी अरबच्या अलीकडच्या वळणावर तिचा हात सुटला आणि ती जागीच गेली. पोलिसांना त्याने सांगितलं, बाईने स्वतःच उडी टाकली. पेपरात तेवढंच छापून आलं. पोत्यांना सीट आणि बाईला पायरी, हा कुठला न्याय, असं एकाही शहाण्याने विचारलं नाही. गावाने मात्र कारण शोधून काढलं: सकाळी लेकीशी भांडण झालं होतं म्हणे.

त्या दुपारी ती लेकच, वर्षा, त्याच्या शेजारी येऊन बसली. दुसरी जीप नव्हती. दोघंच निघाले.

वळण जवळ आलं तशी ती श्वास ओढू लागली.

"लखनभाऊ... मायचा वास येते. माय भ्याली की असाच घाम फुटे तिले." ती थांबली. "तिनं उडी टाकली, मंग भ्याली काहून?"

"मागच्या पायरीवरून येत असंन," तो पुटपुटला.

तिने त्याच्या बाहीजवळ नाक नेलं.

"नाही. तुह्या आंगातून येऊन राह्यला."

लखनने जीप कडेला घेऊन बंद केली आणि सगळं सांगून टाकलं. पायरी, पोती, मोबाईल, खोटी जबानी. वर्षा रडली नाही. गाव रोज तोंडावर म्हणते, मायले तूच खाल्लं, एवढंच बोलली. आत्ताच ठाण्यात जातो, असं त्याने कबूल केलं.

आणि खरोखर वास विरला. किती दिवसांनी त्याची छाती मोकळी झाली.

"गेला ना?"

वर्षा ओढणी नाकाला लावून दार उघडत होती.

"भेवाचा गेला," खाली उतरत ती म्हणाली. "आता... माय रागात आली."

ती पायीच निघाली. मग त्यालाही तो वास आला. करपलेल्या कांद्यासारखा, त्याच्याच काखेतून. त्यासोबत राग चढत गेला, एका म्हाताऱ्या बाईचा, आणि तो दुसऱ्या कोणावर नव्हता.

जीप बंदच होती. पण लखनचा उजवा पाय, त्याला न विचारता, अ‍ॅक्सिलरेटर दाबत चालला होता... अगदी तळापर्यंत. आणि मांडीवरचा हात हळूच उचलला जाऊन किल्लीकडे सरकत होता.