काट्यापाशी कुंकू

धडधड करत, काळा धूर ओकत लारी नेमकी धुळाजी लोहाराच्या भट्टीपुढं येऊन थांबली. चौसाळा गावातली कुत्री भुंकायची विसरली. निजामाच्या राज्यात तेव्हा डिझेलची लारी म्हणजे नवल! आणि तिच्यातून उतरलेला डायवर धुळाजीच्या लेकीला, शिवकन्येला, त्याहून मोठं नवल वाटला. भात्याची दोरी हातातच राहिली.

"मामा, एक भोक पाडून पायजे. धुराच्या नळ्याला," तो धुळाजीला म्हणाला.

"कोण बे तू?"

"रामकिसन. आष्टीच्या सटवा लोहाराचा."

"लोहाराचा पोरगा, अन् भाता सोडून लारी हाकतो!"

रामकिसननं हसत एक खोकं काढलं. वरचे इंग्रजी आकडे खडाखडा वाचले, "सातशे चौदा... हेच ते." आत काट्याची तबकडी, आणि लांब तारेच्या टोकाला एक सळई. सळई धुराच्या नळ्यात बसवायची, तबकडी डायवरपुढं. धूर किती तापला ते काटा सांगणार.

"घाटात दोनदा इंजन जळालं, मामा. तिसऱ्यांदा जळालं तर मालक लारी काढून घेतो म्हणलाय. मंग मी परत आष्टीला."

म्हणजे हा पुन्हा या वाटेला दिसणारच नाही! शिवकन्या भात्याची दोरी सोडून उभी राहिली. ओळख घटकाभराची... आणि जीव एवढा कासावीस का व्हावा, देव जाणे.

धुळाजीनं भोक पाडलं, आटे पाडले. सळई बसवणार तोच रामकिसन डोकं खाजवत म्हणाला, "पर आकडे इंग्रजी हायती. मला कुटं वाचता येतात?"

अगं बाई! आत्ता तर खडाखडा वाचत होता! शिवकन्येनं ओठ दाबून हसू गिळलं.

"मंग खूण करू," ती म्हणाली. लोखंडाच्या तुकड्याशेजारी सळई भट्टीत ठेवली आणि भाता ओढू लागली. रामकिसन जवळ येऊन बसला.

"इतकं काय बघता? काट्याकडं बघा."

"काट्याकडंच बघतोय की..."

"काटा तिकडं हाय!"

लोखंड काळपट लाल झालं तशी ती ओरडली, "इथं! ह्याच्या फुडं लोखंड मऊ पडतं. काटा इथवर आला की पाय उचलायचा." खूण करायची कशानं? तिनं कपाळाला बोट लावलं. मेणावरचं कुंकू बोटावर आलं, ते तिनं काचेवर टेकवलं. रामकिसनचे कान लालबुंद झाले.

दोन दिवसांनी धुळाजीला बीडहून कोळसा आणायचाच होता. येताना तो रामकिसनच्या लारीत मागं पोत्यांवर बसला, आणि शिवकन्या पुढं. काटा बघायला हो!

मांजरसुंब्याचा घाट लागला. लारी भरलेली. काटा थरथरत वर निघाला.

"चढतोय... चढतोय... पाय उचला!"

"उचलला!"

"आता दाबा... हळू!"

शेवटच्या वळणाला काटा थेट कुंकवाला भिडला. तिनं त्याची बाही घट्ट धरली. "धीर धरा... जरा धीर धरा..." काटा कुंकवावर रेंगाळला, आणि मागं फिरला. पुढं सपाट रस्ता! घाट चढून झाला होता! शिवकन्येनं चक्क टाळ्या पिटल्या.

रामकिसननं लारी बाजूला घेऊन बंद केली. खोक्यातला घडीचा कागद खिशातून काढला.

"शिवकन्या... एक खोटं बोललो. मला आकडे येतात. ह्यात लिवलंय, बाराशेच्या फुडं जाऊ नये. तुजा टिपका बराबर बाराशेवर हाय, बग."

"ठावं हाय मला. तुमाला वाचता येतंय ते."

"मंग टिपका लावलास कावून?"

"तुमी लावू दिलात कावून?"

तो खाली बघत हसला. मग सरळ तिच्याकडं बघून म्हणाला, "तुज्याबिगर हा घाट आता मला चढायचाच न्हाई."

तिनं पुन्हा त्याची बाही धरली. "मलाबी..." एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

"मलाबी ठावं हाय, बे!" मागून पोत्यांवरून आवाज आला. "खोक्यावरचे आकडे माज्याम्होरंच वाचलेस की!"

शिवकन्येनं पटकन बाही सोडली.

"मंग... बोलला न्हाईत कावून, मामा?"

"लोहार हाय मी. लोखंड लाल झाल्याबिगर घाव घालीत न्हाई."

"मंग आता घाला की, आबा!" शिवकन्या बोलून गेली, आणि पदरात तोंड लपवून बसली.