कॉफीला साबणाचा वास

"अहो, बूट काढा—" मी ओरडले, पण तोवर त्याची दोन पावलं वाळत घातलेल्या कॉफीच्या बियांवर पडली होती.

तो एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला. "आता हा दुसरा पाय कुठे ठेवू?"

"डोक्यावर," मी म्हणाले.

त्याने खरोखरच वर बघितलं, आणि मला हसू आवरेना. मग आत्या लगबगीने आली आणि त्याला साहेब म्हणाली, तेव्हा मी पटकन तोंडावर हात धरला. खरेदी करणाऱ्या संस्थेने कॉफी चाखायला पाठवलेला माणूस तो हाच!

आमचं सगळं त्याच्या जिभेवर होतं. चार वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि अर्धी बाग, बिया धुवायचा हौद, आमच्या कॉफी उत्पादक संघाचं ऑफिस, सगळं घेऊन गेली. माणसं वाचली, एवढंच. मग संघातल्या बासष्ट घरांनी मिळून उतारावर बांध घातले, रोपं लावली आणि वाट बघितली. हे नव्या झाडांचं पहिलं पीक. ते पास झालं तर ही फेअर ट्रेडवाली संस्था पुन्हा ठरलेल्या, रास्त भावाने घेणार. नाहीतर दलाल म्हणेल ती पूर्व दिशा. आत्या संघाची अध्यक्ष. चार वर्षांत तिला एकदाही पाय पसरून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

बागा आणि पोती तपासत तो दहा दिवस राहिला. रोज अंगणात यायचा, बूट फाटकापाशी काढायचा आणि माझ्याबरोबर बिया उलटायला लागायचा. आमची रोजची कॉफी पितानाही तो चाखल्यासारखा इतक्या जोरात भुरका मारायचा की मी त्याचं नाव भुरकेसाहेब ठेवलं. ते त्याच्या कानावर गेलं. रागावला नाही, उलट म्हणाला, आमच्या घरात कुणी मला इतक्या प्रेमाने हाक मारत नाही. प्रेमाने कोण म्हणालं, असं मी विचारलं खरं... पण कान तापले होते.

तिसऱ्या दिवशी मी दुकानातून गुलाबाच्या वासाचा साबण आणला. इतकी वर्षं मी कपड्यांच्या वडीनेच तोंड धूत आले होते. साबण कपाटात वरच्या फळीवर लपवला. दरड कोसळल्यापासून जपायची प्रत्येक गोष्ट मी त्याच फळीवर ठेवते. चाखायच्या कॉफीची पिशवीही तिथेच होती.

कॉफी शेजारचा वास ओढून घेते, हे नव्या बायकांना शिकवणारी मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

चाखायच्या दिवशी टेबलावर पाच पेले मांडले. त्याने भुरका मारला. थांबला. दुसरा मारला, आणि त्याचे कान लाल झाले.

"बाहेरचा वास आहे," तो हळूच म्हणाला.

आत्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. नियम सगळ्यांना ठाऊक होता. बाहेरचा वास म्हणजे सगळा माल नापास. कारण सापडलं आणि पटलं, तरच बंद पोत्यांतून नवा नमुना. वास कसला, असं आत्याने विचारलं. फुलासारखा काहीतरी, एवढंच तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. साबण आणल्यापासून पाच दिवस तो माझ्या शेजारी उभा राहत होता. वास कुणाचा ते त्याला कळलं होतं, आणि तरी माझं नाव तो घेत नव्हता.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण आत्याचा चेहरा बघवेना.

"माझ्या कपाटातला साबण आहे तो," मी म्हणाले. "पिशवी त्याच्याशेजारी ठेवली. चूक माझी."

"वासाचा साबण?" आत्या म्हणाली. "तू कधीपासून लावायला लागलीस?"

"हे आल्यापासून..."

कुणीतरी खोकलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

त्याने चमचा खाली ठेवला. "कारण पटलं. नवा नमुना काढा. पण तो मी चाखणार नाही, आत्या. आमच्या संस्थेतल्या मोठ्या बाईंना चाखायला बोलावतो."

"का? तुमच्या जिभेला काय झालं?"

"ती आता पक्षपाती झालीये," तो म्हणाला. "त्या बुटांच्या दिवसापासून."

आत्या आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसली.

मोठ्या बाई दोन दिवसांनी आल्या. पाचही पेले चाखले, पुन्हा चाखले आणि म्हणाल्या, माल पास. आत्या तिथेच पायरीवर पाय पसरून बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मीही रडले, न लाजता.

तो फाटकापाशी बूट घालत होता. मी जवळ गेले.

"साबण फेकून देते," मी म्हणाले.

"फेकू नका," तो म्हणाला. "कॉफीसाठी आपण वेगळं कपाट घेऊ."

"आपण म्हणजे संघाने?"

"नाही—" त्याने एक बूट पुन्हा काढला. "आपल्या घरात."