घसरगुंडीचा उतार

मास्तरांचा फळ्यावरचा लाकडी कंपास मोडला, तो खरोखरच मोडला. शाळेशेजारच्या बागेत घसरगुंडीचं काम चालू होतं, तिथल्या शेडच्या दारात ते कंपास घेऊन उभे राहिले. समोर सुतारकाम करणारी ती—केसांत भुसा, कानावर पेन्सिल. हातातून रंधा सुटत नाही म्हणून तिला सगळे रंधाबाईच म्हणत. मास्तर आपण कशाला आलो तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी गुण्या मोडला. तिसऱ्या दिवशी स्टूल. स्टुलाचा पाय करवतीनं कापलाय, हे रंधाबाईनं बघताक्षणी ओळखलं. पण बोलली नाही… फुकटची गंमत कोण घालवतं!

चौथ्या दिवशी मात्र तिचं तोंड उतरलेलं. उद्या घसरगुंडी खुली व्हायची, शेड उठायची, ती परगावी पुढच्या कामावर जायची—आणि वळणाखालचा टेकू काही केल्या बसेना. दोन ठोकळे वाया गेलेले, एकच उरलेला.

"उतार कसा मोजलात?" मास्तरांनी विचारलं.

"टेकूच्या खुणेपासून फूटभर पुढे. नऊ इंच चढ."

"अहो, फूटभरात वळण किती बदलतं! दुसरी खूण जवळ आणा."

तिनं आराखड्यावर अर्धा फूट घेतला. चढ फुटाला साडेसात इंच आला. तीन इंचांवर पावणेसात. एका इंचावर सव्वासहा.

"मग खुणा एकावर एकच ठेवते की!"

"मग चढही शून्य, अंतरही शून्य. भागायचं कशाला कशानं? नुसतं जवळ जवळ जायचं… आणि आकडा कुठे निघालाय ते बघायचं."

"सहाकडे!" ती ओरडली.

सहाच्या उतारानं कापलेला ठोकळा असा चपखल बसला, की फटीच्या आशेनं आलेली मुंगी हिरमुसून परत गेली. खोटं वाटत असेल तर मुंगीला विचारा.

रंधाबाईनं हात झटकले. "मास्तर, कंपासाच्या दिवशी तुम्ही दारात होतात. गुण्याच्या दिवशी बाकापलीकडे. स्टुलाच्या दिवशी बाकाला टेकून. आज आपल्या कोपरांत बोटभर अंतर आहे."

मास्तरांचे कान इतके तापले, की त्यांवर डबाभर सरस वितळला असता.

"म्हणजे मी… तसं काही…"

"आकडा कुठे निघालाय ते कळतंय मला. पण उत्तर तुम्हीच सांगायचं. उद्या मी नसेन."

मास्तरांनी डोळे मिटले. "माझ्याशी लग्न कराल?"

उरलेलं बोटभर अंतर तिनंच मिटवलं.

"करीन. पण घरात करवतीला हात लावायचा नाही… स्टूल किती वाकडं कापलंत हो!"